जुना वायरचा फोन घरात पुन्हा बोलता करताना

जुन्या फोनचे आकर्षण डोळ्यांपेक्षा कानाला आणि हाताला जास्त असते. रिसीव्हर कानाला लावून बोलू लागले की आपलाच आवाज थोडासा आपल्या कानात परत येतो. याला साइडटोन म्हणतात. तो आतल्या कॉइलच्या रचनेने मुद्दाम तेवढाच ठेवलेला असतो. आपण किती मोठ्याने बोलतो आहोत ते त्यामुळे कळत राहते आणि मोबाइलवर नकळत चढणारा स्वर इथे चढत नाही. रिसीव्हर कान आणि खांद्यात धरून दोन्ही हात मोकळे ठेवता येतात. तबकडीचा वेग ठरलेला असल्यामुळे नंबर लावेपर्यंत काय बोलायचे ते जुळवायला वेळ मिळतो. आणि भांडणाच्या शेवटी रिसीव्हर आपटण्याची सोय टचस्क्रीनवर अजून कुणी दिलेली नाही.

पण हे सगळे चालू फोनचे गुण आहेत. आतले भाग काढून त्याचा दिवा किंवा स्पीकर केला की उरते ते फक्त कवच. म्हणून इथे आधी लाइन, मग डायल, घंटी आणि आवाज, आणि पॉलिश अगदी शेवटी, असा क्रम ठेवला आहे. बहुतेक लोक उलटे करतात. दोन दिवस घासून फोन चकचकीत होतो आणि नंतर कळते की तो आपल्या लाइनवर नंबरच लावू शकत नाही.

आत नेमके काय घडते

फोनला दोनच तारा लागतात. रिसीव्हर ठेवलेला असताना त्या दोन तारांमध्ये सुमारे ४८ व्होल्टचा डीसी दाब असतो. जुन्या एक्सचेंजमध्ये २ व्होल्टच्या २४ लेड-ॲसिड सेलची बॅटरी असे, तिथून हा आकडा आला. फोनला वीज तिकडून मिळत असल्यामुळे घरातली वीज गेली तरी तो चालत असे. रिसीव्हर उचलला की त्याखालचा वर येणारा स्विच, म्हणजे हुकस्विच, सर्किट पूर्ण करतो, साधारण २० ते ४० मिलिअँपिअर प्रवाह वाहू लागतो आणि दाब ६ ते १० व्होल्टपर्यंत उतरतो. या बदलावरूनच एक्सचेंजला कळते की फोन उचलला गेला, आणि डायल टोन येतो. घंटी वाजवण्यासाठी त्याच तारांवर सुमारे ७५ ते ९० व्होल्टचा एसी येतो, सेकंदाला २० किंवा २५ आवर्तनांचा. हा झटका चांगलाच बसतो, म्हणून फोन उघडण्याआधी लाइन काढायचीच.

तबकडी नंबर पाठवते ती परत येताना. बोटाने फिरवताना आपण फक्त स्प्रिंग ताणत असतो. बोट सोडल्यावर तबकडी ठरलेल्या वेगाने मागे येते आणि तेवढ्या वेळा सर्किट तोडते-जोडते. अशा एका तोड-जोडीला पल्स म्हणतात. वेग सेकंदाला १० पल्सचा. १ ला एक पल्स आणि ० ला दहा, म्हणून शून्य सर्वांत लांब. (स्वीडनमध्ये ० ला एकच पल्स होता आणि न्यूझीलंडच्या तबकडीवर आकडे उलटे होते. परदेशी फोनने नेहमी चुकीचाच नंबर लागत असेल तर हे आधी तपासा.) घाईत तबकडी हाताने मागे ढकलली की पल्सचा वेग बिघडतो आणि राँग नंबर लागतो. घरात नवशिक्यांना फोन देताना एवढे एकच सांगावे लागते.

फोन निवडताना

अस्सल जुना फोन हातात घेतल्याबरोबर जड लागतो, कारण आत धातूचा तळ, घंटीच्या दोन वाट्या आणि कॉइल असतात. हलका लागला, तळाला एकच छोटा बझर दिसला किंवा तबकडीच्या भोकांत बटणे असली, तर ती जुन्या रूपाची नवी नक्कल आहे. नक्कल वाईट नसते, पण तिच्यात ना तो आवाज ना दुरुस्तीची सोय.

पहिल्यांदाच घेत असाल तर सर्वांत देखणा फोन घेऊ नका, ज्याचे भाग सहज मिळतात तो घ्या. अमेरिकेतल्या वेस्टर्न इलेक्ट्रिकचा ५०० हा १९४९ मध्ये आलेला, हेन्री ड्रायफस यांच्या कार्यालयाने रूप दिलेला फोन प्रचंड संख्येने बनला. त्याचे स्क्रू, कॉर्ड, रिसीव्हरमधल्या माइक-स्पीकरच्या कॅप्सूल आजही जुन्या फोनमधून काढून बसवता येतात. सुट्या भागांवर तारखांचे शिक्के असतात, त्यामुळे भाग मूळचे की बदललेले तेही कळते. ब्रिटिश पोस्ट ऑफिसचे ७०६ आणि ७४६ तितकेच समंजस. १९३० च्या दशकातले बेकेलाइटचे (जुन्या, कडक, ठिसूळ प्लास्टिकचे) फोन दिसायला राजेशाही, पण कापडी कॉर्डच्या आतले रबर बहुतेक वेळा भुगा झालेले असते. त्यांना दुसऱ्या नंबरवर ठेवा.

घेताना उन्हात धरून केसासारखे तडे पाहा, विशेषतः रिसीव्हरच्या मानेवर आणि रिसीव्हर ठेवायच्या क्रेडलच्या कानांपाशी. तबकडीवर ० फिरवून सोडा. ती एकसारख्या घरघरीने परत यायला हवी. मध्येच अडखळली तर साफसफाईने सुधारते. अजिबात परत येत नसेल तर स्प्रिंग तुटलेली असू शकते आणि ते काम नवशिक्याचे नाही.

लाइनला लावण्याआधी मीटरने तपासणी

साधा मल्टिमीटर पुरतो. फोन कुठेही न जोडता त्याच्या लाइन कॉर्डच्या दोन तारांवर ओहम मोजा.

१. रिसीव्हर ठेवलेला: मीटरने क्षणभर हलून नंतर अनंत रोध दाखवायला हवा. घंटीच्या मार्गात कपॅसिटर असतो, तो डीसी अडवतो. इथे काही शे ओहम दिसले तर हुकस्विच चिकटला आहे किंवा कपॅसिटर गळतो आहे. असा फोन लावला की लाइन कायम एंगेज राहील.

२. रिसीव्हर उचललेला: साधारण १०० ते ३०० ओहम. रिसीव्हर हलवला की आकडा नाचतो, आणि कार्बनच्या माइकचे तसे नाचणे चांगलेच लक्षण आहे. काहीच दिसले नाही तर आधी कॉर्ड, मग हुकस्विच, मग माइक अशा क्रमाने शोधा.

३. उचललेल्या अवस्थेत ५ फिरवा: तबकडी परत येताना वाचन तुटत-जोडत राहायला हवे. डिजिटल मीटरला पाच ठोके नीट मोजता येत नाहीत, पण ठोके येतात की नाही एवढे कळते.

लाइन: सगळ्यांत जास्त फसगत इथे

फोनची तार साध्या चौकोनी आरजे-११ प्लगला जोडताना मधल्या दोन पिना वापरायच्या. तबकडीच्या फोनला दोन तारांची अदलाबदल झाली तरी चालते. सुरुवातीच्या बटणांच्या फोनला मात्र चालत नाही. बोलणे व्यवस्थित होते, पण बटणे दाबली की सूर निघत नाही. असे झाले तर दोन तारा उलट जोडा, दुरुस्ती संपली.

ब्रिटिश फोनची अडचण वेगळी. तिथल्या नंतरच्या सॉकेट पद्धतीत घंटीचा १.८ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर भिंतीवरच्या मुख्य सॉकेटमध्ये गेला आणि घंटीसाठी तिसरी तार आली. त्या पद्धतीसाठी बदललेला फोन दोन तारांवर लावला की बोलतो, पण वाजत नाही. फोनच्या आत घंटीच्या मार्गात १.८ मायक्रोफॅरड, किमान २५० व्होल्टचा, ध्रुव नसलेला कपॅसिटर बसवा.

तांब्याच्या तारेवर इंटरनेटही येत असेल तर प्रत्येक फोनच्या आधी इंटरनेटचे सिग्नल अडवणारा डीएसएल फिल्टर हवाच. नाहीतर फोनमध्ये सूं-सूं आणि घंटी वाजताच इंटरनेट बंद.

आता बहुतेक ठिकाणी फोन फायबरच्या डब्याला किंवा इंटरनेटवरून बोलायच्या ॲडॉप्टरला लागतो. तेव्हा तीन गोष्टी तपासा.

पहिली, तो डबा पल्स ओळखतो का? रिसीव्हर उचला, डायल टोन ऐका आणि कोणताही एक आकडा फिरवा. टोन थांबला तर पल्स ओळखले गेले. टोन तसाच चालू राहिला तर त्या डब्याला फक्त बटणांचे सूर कळतात. काही ॲडॉप्टरमध्ये पल्स डायलिंग सेटिंगमधून चालू करता येते. ती सोय नसेल तर फोन आणि डब्याच्या मध्ये पल्सचे सुरांत रूपांतर करणारा छोटा कन्व्हर्टर लावा. फोन आपल्या आपण पल्स सोडत राहतो, पलीकडे सूर जातात. कॉल लागल्यानंतरही तो काम करत असेल तर ‘यासाठी १ दाबा’ म्हणणाऱ्या यंत्रांशीही तबकडीने बोलता येते. चांदणी आणि हॅशच्या खुणा कशा काढायच्या ते प्रत्येक कन्व्हर्टरचे वेगळे असते, त्याची पत्रिका जपून ठेवा.

दुसरी, घंटी ओढण्याची ताकद. खऱ्या घंटीचा भार आरईएन नावाच्या आकड्यात मोजतात. जुन्या धातूच्या घंटीचा भार साधारण १ धरा. डब्याची क्षमता ३ असेल तर असे तीन फोन, चौथा जोडलात की सगळेच केविलवाणे कुरकुरतात. एकच फोन असूनही घंटी दबकी वाजत असेल तर ॲडॉप्टरच्या सेटिंगमध्ये घंटीची वारंवारता २० किंवा २५ करून पाहा आणि दाब वाढवण्याची सोय असेल तर वाढवा.

तिसरी, वीज. फायबरच्या डब्याला एक्सचेंजची बॅटरी मिळत नाही. वीज गेल्यावरही फोन चालावा असे वाटत असेल तर डबा आणि राउटर दोन्ही यूपीएसवर ठेवा. फक्त एक ठेवून उपयोग नाही.

आणि एक ताकीद: घरातल्या जुन्या तारांतून सगळ्या खोल्यांना फोन द्यायचा असेल तर आधी बाहेरून येणारी एक्सचेंजची जोडी पूर्ण सोडवा. जिवंत लाइन आणि नवा डबा एकाच तारेवर आले की डबा जळू शकतो.

तबकडी सुधारताना

तबकडीमागे फिरणाऱ्या वजनांचा एक छोटा गव्हर्नर असतो. वजने वेगाने बाहेर फेकली जातात, कपाच्या आतल्या भिंतीला घासतात आणि वेग धरून ठेवतात. म्हणूनच तबकडीवर स्प्रे तेल मारणे हा सर्वांत महागात पडणारा उपाय आहे. तेल त्या घर्षणाच्या जागी गेले की ब्रेकच निघून जातो आणि तबकडी सुसाट परत येते. शिवाय वर्षभरात त्यावर धूळ बसून चिकट थर होतो.

वेग मोजायला मोबाइल पुरतो. डायलजवळ मोबाइल ठेवून आवाज रेकॉर्ड करा, ० फिरवा आणि आवाजाचा आलेख दाखवणाऱ्या ॲपमध्ये पहिल्या ठोक्यापासून दहाव्यापर्यंतचे अंतर पाहा. मध्ये नऊ अंतरे असतात, म्हणून ते ०.९ सेकंदाच्या आसपास हवे. १.१ सेकंदाच्या पुढे गेले तर आधुनिक डबे आकडे चुकवू लागतात.

संथ तबकडीवर उपाय: मुलायम ब्रशने धूळ काढा, जुने घट्ट झालेले तेल आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या काडीने पुसा, वाळू द्या. मग सुईच्या टोकावर मावेल एवढे घड्याळाचे तेल मुख्य आसाच्या आणि गव्हर्नरच्या दांडीच्या टोकांना, आणि वर्म गिअरला एक स्पर्श. बस. गव्हर्नरच्या कपात काहीही नाही.

वेग बरोबर असूनही आकडे चुकत असतील तर सर्किट तोडणारे-जोडणारे धातूचे कॉन्टॅक्ट मळलेत. साधा जाड कागद अल्कोहोलने ओला करून बंद कॉन्टॅक्टच्या मधून दोन-तीनदा ओढा, नंतर कोरडा कागद. सँडपेपर किंवा कानस नको, वर मौल्यवान धातूचा पातळ मुलामा असतो, तो गेला की गेलाच. तबकडी फिरत असताना कानात कटकट ऐकू येत असेल तर दुसरी एक कॉन्टॅक्टची जोडी तपासा. तबकडी जागेवरून हलली की रिसीव्हर गप्प करणे हे तिचे काम.

घंटी

दोन वाट्या, मध्ये टोला. टोला स्थिर असताना कोणत्याही वाटीला टेकलेला नको, टेकला की ‘ट्रिंग’ऐवजी ‘ठक-ठक’. बहुतेक घंट्यांत वाटीचे भोक मध्यापासून थोडे बाजूला असते. स्क्रू सैल करून वाटी किंचित फिरवली की टोल्यापासूनचे अंतर बदलते. दोन्ही बाजूंना केसभर फट ठेवा आणि वाजवून ऐका. दोन वाट्यांचा सूर मुद्दाम वेगळा असतो, एकसारख्या वाट्या बसवल्या तर आवाज पोकळ लागतो.

फोन बोलतो, पण वाजतच नाही, असे वेस्टर्न इलेक्ट्रिक ५०० मध्ये वारंवार दिसते आणि बहुधा काहीच बिघडलेले नसते. एकाच लाइनवर अनेक घरे असण्याच्या काळात घंटी एक तार आणि जमीन यांच्यामध्ये जोडत. घंटीची काळी तार अजून ‘जी’ टर्मिनलवर असेल तर ती ‘एल-१’वर आणा.

दुसऱ्या खोलीत कुणी नंबर फिरवला की या खोलीतली घंटी किणकिणते? पल्सचे धक्के तिला जाणवतात. टोल्याची छोटी बायस स्प्रिंग एका खाचेने घट्ट करा. तेवढ्याने थांबले नाही तर त्या फोनच्या दोन तारा उलटवून पाहा.

आवाज

कार्बन माइकमध्ये दोन पत्र्यांमध्ये कार्बनचे बारीक कण असतात. बोलण्याच्या दाबाने ते जवळ-लांब होतात आणि प्रवाह बदलतो. फोन वर्षानुवर्षे पडून राहिला, ओल लागली की कण दबून गठ्ठा होतो आणि पलीकडच्याला आपण विहिरीतून बोलतोय असे वाटते. रिसीव्हर आडवा धरून तळहातावर दहा-बारा वेळा आपटा, मध्ये मध्ये फिरवा. टेबलावर नको, बेकेलाइट तडकते. माइकचे झाकण निघत नसेल तर रबरी हातमोजा घालून फिरवा, पक्कड लावलीत तर ओरखडा कायमचा.

इतके करूनही आवाज बारीक असेल तर कारण प्रवाहाचे असू शकते. कार्बनला २० मिलिअँपिअरच्या खाली जीव राहत नाही आणि काही ॲडॉप्टर तेवढेच देतात. मग त्याच मापाची इलेक्ट्रेट कॅप्सूल, म्हणजे कार्बन नसलेला नवा माइक, बसवणे व्यवहार्य. आवाज स्वच्छ होतो, जुन्या फोनची ती किंचित खरखर मात्र जाते. आमच्या मते कार्बन काम करत असेल तोवर बदलू नये.

कॉर्ड

फोनच्या कॉर्डमध्ये साधी तांब्याची तार नसते. धाग्याभोवती तांब्याची अतिपातळ पट्टी गुंडाळलेली असते, म्हणून ती हजारो वेळा वाकूनही तुटत नाही, आणि म्हणूनच तिला सोल्डरचा डाग देता येत नाही, धागा जळतो. टोकाला दाबून बसवलेले स्पेड, म्हणजे स्क्रूखाली बसणारी चपटी धातूची टोके, लागतात. तार तुटली असेल तर सोल्डरिंग गनशी झुंजू नका, कॉर्ड बदला. सोडवण्याआधी प्रत्येक टर्मिनलचा फोटो घ्या, जुन्या तारांचे रंग विटून लाल आणि तपकिरी सारखेच दिसतात.

सैल पडलेली कुरळी कॉर्ड सावरायची असेल तर दोन्ही टोके सोडवा, तिच्या आतल्या पोकळीत बसेल अशा लाकडी दांडीवर वळशाला वळसा चिकटवून गुंडाळा, टोके बांधा. हेअर ड्रायर मंद आचेवर सतत फिरवत पाच-सात मिनिटे, मग रात्रभर थंड होऊ द्या. मध्येच उलट वळण पडले असेल तर ते टोकापर्यंत फिरवत नेऊनच निघते, ओढून नाही.

बाहेरची साफसफाई

आधी ओळखा. १९५० च्या दशकापर्यंतचे बहुतेक काळे, जड कवच बेकेलाइटचे. नंतरचे रंगीत कवच प्लास्टिकचे, पुढे मुख्यतः एबीएस नावाच्या प्लास्टिकचे.

बेकेलाइटच्या आत भरीला लाकडाचा भुसा असतो. वरचा राळेचा थर गेला की तो पाणी पितो आणि तपकिरी, खरखरीत दिसतो. बुडवू नका. ओलसर फडक्याने पुसा, वाळवा, मग धातूच्या पॉलिशची थोडी पेस्ट मऊ फडक्यावर घेऊन छोट्या वर्तुळांत फिरवा. फडके तपकिरी होईल, तो वरचा खराब थर आहे. लवकर थांबा, कारण प्रत्येक घासणीत थोडी चमक कायमची जाते. कोरडे सँडिंग तर करूच नका, जुन्या बेकेलाइटची धूळ छातीत जाण्यासारखी नाही. काहींच्या भरीत ॲस्बेस्टॉसही असे.

एबीएसला कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणाचा थेंब पुरतो. नेलपॉलिश रिमूव्हर लागला की पृष्ठभाग वितळतो. पांढरा किंवा फिकट फोन पिवळा पडला असेल तर सुट्या कवचावर १२ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचे क्रीम लावा, पातळ प्लास्टिकने गुंडाळा, उन्हात ठेवा. हातमोजे घाला, दर तासाला फिरवा. क्रीम कुठे वाळले तर तिथे पट्टे उमटतात. लाल, हिरव्या, निळ्या कवचावर हा प्रयोग नको, रंगच उडतो. पिवळेपणा काही वर्षांनी परत येऊ शकतो.

जागा

पोकळ लाकडी टेबलावर फोन ठेवला की टेबलच घंटीचा आवाज वाढवते. झोपायच्या खोलीत असेल तर खाली जाड कापड घाला. थेट ऊन टाळा. जवळ बसायला खुर्ची आणि कागद-पेन्सिल असू द्या, नाहीतर तो पुन्हा शोपीस होतो. कॉर्ड चालण्याच्या वाटेवर नको.

विजा कडाडत असताना वायरच्या फोनवर बोलू नका. वादळ सुरू होण्याआधीच भिंतीतला प्लग काढा. आणि बदललेला प्रत्येक मूळ भाग, मग तो बंद पडलेला माइक का असेना, एका पिशवीत घालून नाव लिहा आणि फोनजवळच्या खणात ठेवा.